फ्रेंच सिनेमातलं रडू उशिरा येतं

निवांत_रविवार | शुक्रवार, रात्री ११:४०

आधीच सांगून टाकते, मला सिनेमातलं फारसं कळत नाही. सहकारी बँकेत कर्जखात्यात आहे, दिवसभर लोकांचे सातबारे आणि पगाराच्या स्लिपा तपासते. 'मिझ-आँ-सेन' (म्हणजे पडद्यावरच्या दृश्याची मांडणी) हे मी परवापरवापर्यंत एखाद्या गोड पदार्थाचं नाव समजत होते. तेव्हा जाणकारांनी हलके घ्यावे. खाली भरपूर रहस्यभेद आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसा मदतीला मावशी येतात, रात्र माझी. त्यांच्या पलंगाशेजारी गादी टाकून पडते आणि झोप येत नाही म्हणून मोबाइल बघते. आवाज लावता येत नाही. एक तर त्यांची झोप मोडते, आणि त्यांच्या घशात घरघर सुरू झाली तर मला ऐकू यायला हवी. आवाज बंद करून हिंदी सिनेमा बघा एकदा, नुसते ओठ हलताना दिसतात. म्हणून खाली अक्षरं येणारे सिनेमे बघायला लागले. आधी कोरियन मालिका संपवल्या, मग काही इराणी, मग फ्रेंच. 'कलात्मक चित्रपटांकडे वळले' वगैरे काही झालेलं नाही. गप्प बसणारे सिनेमे हवे होते, ते इथे मिळाले.

पहिला बघितला तो किस्लोव्स्कीचा 'ब्लू' (१९९३). गाडीच्या अपघातात नायिकेचा (ज्युलिएट बिनोश) नवरा आणि लहान मुलगी जातात, ही वाचते. घरी परत येते आणि रडतच नाही. घरातली म्हातारी कामवाली मात्र आत हुंदके देत असते. ही विचारते, का रडतेस? ती म्हणते, तुम्ही रडत नाही म्हणून. मग हिला पर्समध्ये मुलीचं निळ्या कागदातलं लॉलीपॉप सापडतं. आपल्याकडे इथे सारंगी सुरू झाली असती, मुलगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये धावत आली असती. ही बाई शेकोटीजवळ बसून ते लॉलीपॉप कडाकडा चावून खाते. दातांनी फोडते अक्षरशः.

पुढे एका कॅफेत ती साखरेचा चौकोनी तुकडा कॉफीला टेकवते आणि कॉफी त्यात चढत जाते. तिच्यावर जीव असलेला माणूस तिला शोधत आलेला आहे आणि हिचं लक्ष साखरेवर. दिग्दर्शकानं एका ठिकाणी स्वतः सांगितलंय की हा तुकडा पाचेक सेकंदांत भिजणारा हवा होता आणि सहायकाला त्यासाठी वेगवेगळी साखर तपासत बसावं लागलं. मी मनात म्हटलं, काय रिकामटेकडी माणसं आहेत. सिनेमा संपला, मी बाबांची कूस बदलली आणि झोपले. डोळ्यांत टिपूस नाही.

मग आला 'आमूर' (२०१२, दिग्दर्शक मिशाएल हानेके). ऐंशी पार केलेलं जोडपं, दोघंही संगीताचे शिक्षक, पॅरिसमधला जुना फ्लॅट. सुरुवातीची एक मैफल सोडली तर कॅमेरा जवळजवळ घराबाहेर पडत नाही. एका सकाळी नाश्त्याला आजोबा बोलत असतात आणि आजी एकदम कुठेतरी हरवते. समोर बसलेली, डोळे उघडे, पण आत कोणी नाही. आजोबा नळ सोडून कापड भिजवतात, तिच्या मानेला लावतात, काही फरक नाही. नळ तसाच वाहता सोडून ते आत कपडे घालायला जातात. थोड्या वेळानं परत येतात तर आजी नेहमीसारखी, उलट यांनाच नळ उघडा टाकल्याबद्दल बोलतेय. तिला मधलं काही आठवत नाही. मग ती चहा ओतायला जाते आणि धार कपाच्या बाहेर पडते.

मी हे आवाज बंद करून पाहिलं होतं. महिन्याभरानं भाऊ आला, रात्री तो बाबांजवळ झोपला, तेव्हा हॉलमध्ये टीव्हीवर आवाजासकट पुन्हा लावला. तेव्हा कळलं की मला अर्धा प्रसंग दिसलाच नव्हता. आजोबा आत असतात, आपल्याला बाहेरून नळाच्या पाण्याचा आवाज येत राहतो, आणि तो एकदम थांबतो. बस. ती 'परत आली' हे आधी कानाला कळतं. त्या पूर्ण सिनेमात प्रसंगावर चढवलेलं संगीत नाही. कोणी पियानो वाजवला किंवा सीडी लावली तरच.

आणखी एक प्रसंग आहे, त्याबद्दल कुणीच फारसं बोलत नाही. आजी पाणी प्यायचं नाकारते. आजोबा विनवतात, समजावतात, पेला तोंडाला लावतात. ती पाणी थुंकते. आणि ते तिला थोबाडीत मारतात. मग लगेच माफी मागतात. मी तिथे मोबाइल पालथा ठेवला. मी बाबांवर हात उचललेला नाही. पण एकदा पेजेचा चमचा वाटीत इतक्या जोरात आपटला होता की पेज त्यांच्या कानापर्यंत उडाली. ते नुसते बघत राहिले. सेवा करणाऱ्या माणसाचं हे आपल्या सिनेमात मी कधी पाहिलं नाही. तिथे मुलगी एक तर देवी असते नाहीतर कैदाशीण.

दोन्ही वेळा रडू आलं नाही. आलं ते अकरा दिवसांनी, भलत्याच वेळी.

सगळेच सिनेमे भिडले असं मुळीच नाही. शांताल आकेरमानचा, एका गृहिणीच्या रोजच्या कामांचा 'जान डिलमन' (१९७५) तीन तास एकवीस मिनिटांचा आहे, मी चार रात्री पुरवून पुरवून पाहिला. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या मतचाचणीत समीक्षकांनी त्याला आजवरचा सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. माझं मत विचाराल तर त्यातला निम्मा वेळ मी माझ्या घरी रोज फुकट बघते. पण एक कबूल करते. सिनेमातल्या दुसऱ्या दिवशी त्या गृहिणीचे बटाटे जास्त शिजतात आणि ती ते भांडं हातात धरून घरभर फिरते, कुठे टाकावं तेच सुचत नाही. हे मला त्या समीक्षकांपेक्षा जास्त कळलं असणार, पैज लावते.

तुम्हाला असा उशिरा लागलेला फ्रेंच सिनेमा कुठला? आणि कुठला डोक्यावरून गेला? मोकळेपणानं लिहा.

---

झणझणीत_मिसळ | शनिवार, सकाळी ८:०५

लिहिलंय छान, बाबांची काळजी घ्या. पण सिनेमाबद्दल पूर्ण असहमत.

'आमूर' बायकोनं लावला होता. त्यात तो म्हातारा घरात शिरलेलं कबुतर पकडत बसतो. कितीतरी वेळ! कबुतर इकडे, आजोबा तिकडे. मी म्हटलं, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलवा, एका दिवसात जाळी बसवून देतील.

आणि 'लास्ट इयर ॲट मारिअनबाद' (१९६१) पाहिलाय का कुणी? माणूस म्हणतो आपण गेल्या वर्षी भेटलो होतो. बाई म्हणते नव्हतो. तो म्हणतो भेटलो होतो. ती म्हणते नव्हतो. दीड तास! आमच्याकडे लग्नाच्या हॉलवर असं झालं तर तिसरा माणूस येऊन दोन मिनिटांत नातं जुळवून देतो. याला व्हेनिस महोत्सवात सोन्याचा सिंह हा पुरस्कार मिळालाय. लोक ढोंग करतात हो, आवडल्याचं.

---

दडपेपोहे | शनिवार, सकाळी ८:३१

@मिसळ, तिसरा माणूस 😂😂

धाग्याची वाचनखूण साठवली. चमच्याचं वाचून थांबले थोडा वेळ. सासूबाईंच्या वेळी माझ्या हातून भिंतीवर औषधाची बाटली गेली होती.

---

कोथरूडचे_काका | शनिवार, सकाळी १०:१५

मिसळभाऊ, मारिअनबाद मीही तीनदा झोपून पाहिलाय, त्यामुळे तुमचा राग समजतो. पण चौथ्यांदा जागे राहिलात तर बागेचा एक शॉट नीट बघा. माणसांच्या सावल्या लांबच लांब पडल्यात आणि झाडांच्या पडलेल्याच नाहीत. सावल्या जमिनीवर रंगवलेल्या होत्या. असल्या खोड्या करणारा माणूस ढोंगी नसतो, वात्रट असतो.

आमची पिढी फिल्म सोसायटीची. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात आलं आणि आमच्यासारख्या कारकुनांनाही परदेशी प्रिंट बघायला मिळायला लागल्या. खरं सांगायचं तर सोसायटीचे खेळ सेन्सॉरच्या कात्रीतून सुटायचे, आणि सभासदांमधले निम्मे त्याच आशेनं यायचे. फ्रेंच सिनेमा म्हटला की हॉल भरायचा. मग पडद्यावर एखादा पाद्री दोन तास आत्म्याशी भांडायचा आणि मध्यंतरानंतर आम्ही पंधरा जण उरायचो. त्या पंधरातल्या काहींना पुढे खरंच चटक लागली.

आता धागाकर्तीसाठी एक गंमत. तुम्ही 'ब्लू' आणि 'आमूर' एकापाठोपाठ पाहिलेत, पण एक गोष्ट निसटली बहुतेक. 'ब्लू'मध्ये बिनोश आईला भेटायला वृद्धाश्रमात जाते. आईला स्मृतिभ्रंश, ती मुलीला ओळखत नाही, टीव्ही बघत बसलेली. ती आई म्हणजे एमान्युएल रिव्हा. 'आमूर'मधली आजी! आणि 'ब्लू'च्याच दिग्दर्शकाच्या तीन रंगांच्या त्रयीतल्या 'रेड'मधला (१९९४) शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा निवृत्त न्यायाधीश म्हणजे झाँ-लुई त्रँतिन्याँ, तुमचे नळ उघडा टाकणारे आजोबा.

रिव्हाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते 'हिरोशिमा मॉन आमूर'मध्ये, १९५९ चा सिनेमा. 'आमूर'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या, आणि समारंभाच्या दिवशीच त्यांना ८६ वर्षं पूर्ण झाली. पुरस्कार तिसऱ्याच मुलीला गेला. माणूस पडद्यावर तरुण पाहिलेला असला की त्याचं म्हातारपण आपल्या घरातलं वाटतं. तुम्ही उलट्या क्रमानं गेलात, आता 'हिरोशिमा' बघा.

---

निवांत_रविवार | शनिवार, दुपारी १:५०

काका!! हे मला खरंच माहीत नव्हतं. आता जेवताना लगेच 'ब्लू'चा तेवढा तुकडा काढून बघितला. टीव्हीवर एक म्हातारा दोरीला लटकून उडी मारतोय आणि ती ते बघतेय, मुलीकडे नाही. म्हणजे एकोणीस वर्षं आधीच ती बाई हरवायची तालीम करत होती.

@मिसळ, मारिअनबाद मी सतरा मिनिटांत सोडला. तुम्ही पूर्ण पाहिलात, मोठे धीराचे.

---

पक्का_वांद्रेकर | शनिवार, दुपारी ३:२२

एक छोटी दुरुस्ती. 'ब्लू'चा दिग्दर्शक पोलिश. 'आमूर'चा ऑस्ट्रियन, आणि तो परभाषिक विभागाचं ऑस्कर जिंकला तो ऑस्ट्रियाची प्रवेशिका म्हणून. 'जान डिलमन' ब्रुसेल्समध्ये घडतो, आकेरमान बेल्जियमची. म्हणजे धाग्याचं शीर्षक 'फ्रेंच सिनेमा' आणि मूळ लेखात एकही फ्रेंच दिग्दर्शक नाही.

---

निवांत_रविवार | शनिवार, दुपारी ३:४०

वांद्रेकर, तुम्ही आमच्या बँकेच्या ऑडिटला येत जा 🙏

भाषा फ्रेंच, म्हणून मी फ्रेंच म्हटलं. बेळगावातला माणूस मराठीत लिहितो तेव्हा त्याला आपण कुठला म्हणतो?

---

लियाँवाला | शनिवार, संध्याकाळी ७:१०

नऊ वर्षं फ्रान्समध्ये लियाँला आहे, मूळचा साताऱ्याचा. थोडा भ्रमनिरास करतो. माझ्या ऑफिसातल्या कुणीही 'आमूर' पाहिलेला नाही. इथला सामान्य माणूस शुक्रवारी विनोदी सिनेमाला जातो. २००८ साली उत्तरेकडच्या बोलीची टिंगल करणारा एक विनोदी सिनेमा आला होता, 'ब्याँव्हन्यू शे ले श्ती', त्याची दोन कोटींहून जास्त तिकिटं खपली. देशाची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या आसपास, बघा. आपल्याकडे कोल्हापुरी आणि पुणेरीवरून जे चालतं तेच. 'अँतूशाब्ल' (२०११) हाही तसाच तुफान चालला. तो आपल्याकडे तेलुगू-तमिळमध्ये आला, नागार्जुन आणि कार्ती.

मग हे हळू सिनेमे बनतात कसे? इथे सिनेमाच्या प्रत्येक तिकिटामागे पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास एक कर जातो, हॉलिवूडच्या मारधाडीच्या तिकिटातूनही. ते पैसे राष्ट्रीय सिनेमा केंद्राकडे जमतात आणि तिथून पुढच्या चित्रपटांना मदत मिळते. म्हणजे स्पायडरमॅन बघणारा पोरगा नकळत कुणाच्या तरी साखरेच्या तुकड्याचे पैसे भरत असतो. हे मला फार आवडतं.

माझा उशिरा लागलेला सिनेमा त्रुफोचा 'फोर हंड्रेड ब्लोज' (१९५९). पुण्यात असताना पाहिला तेव्हा पूर्ण वेळ वाट बघत होतो की या आंत्वान नावाच्या पोराला चारशे फटके कधी पडणार. इथे येऊन भाषा शिकलो तेव्हा कळलं, तो वाक्प्रचार आहे. 'चारशे फटके करणे' म्हणजे नुसतं उंडारणं, नाही त्या उचापती करणं. इंग्रजीत शब्दशः नेलं आणि जगभरच्या लोकांना वाटलं मारहाणीचा सिनेमा.

पोरगा शाळा बुडवतो, आणि मास्तरांनी विचारल्यावर 'आई वारली' असं ठोकून देतो. आपण सगळ्यांनी आजी मारलेली आहे शाळेत. त्यानं आई मारली, एवढाच फरक. शेवटी तो सुधारगृहातून पळतो, पळत पळत समुद्रापाशी येतो, त्यानं समुद्र कधी पाहिलेला नसतो. पाण्यात पाय घालतो, मागे वळतो, आणि चित्र गोठतं. सरळ आपल्याकडे बघत. मला तेव्हा काही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन पहिल्यांदा समुद्रावर गेलो, ती पाण्यात चार पावलं गेली आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी तिचा फोटो काढू शकलो नाही.

अवांतर: माझ्या घरापासून मेट्रोनं वीस मिनिटांवर ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याची जागा आहे. १८९५ मध्ये कामगार बाहेर पडतानाचं ते पहिलं चित्रण जिथे केलं त्या रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. आणि ७ जुलै १८९६ ला त्यांचे खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाले. पॅरिसनंतर सहा-सात महिन्यांत! तेव्हा वांद्रेकरांनी आपला हक्क सोडू नये.

---

अबोली७९ | शनिवार, रात्री ९:४८

मी सुचवते सेलीन सियामाचा 'पतीत मामाँ' (२०२१). नवऱ्याला नाव सांगितलं तर म्हणाला, पतित मामा? तमाशापट आहे का? 😄 'छोटी आई' असा अर्थ.

आठ वर्षांची नेली. आजी वारलेली. सिनेमा सुरू होतो तोच ही पोरगी वृद्धाश्रमातल्या एकेका खोलीत जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांचा निरोप घेतेय. पुढे आईला सांगते की आजीला मी शेवटचं 'येते' म्हटलं ते नीट म्हटलं नाही, मला माहीतच नव्हतं ना ते शेवटचं आहे ते. मग आजीच्या घरामागच्या रानात तिला तिच्याच वयाची एक मुलगी भेटते, फांद्यांची खोपटी बांधत असलेली. ती कोण हे सांगत नाही, पण तुम्ही ओळखालच. सिनेमाही लपवत नाही. जादू नाही, चमकणारे दिवे नाहीत, दोघी मिळून पॅनकेक करतात आणि वरचेवर हसतात. खऱ्या जुळ्या बहिणी आहेत त्या. फक्त ७२ मिनिटं.

सुरुवातीला आई गाडी चालवत असते आणि मागे बसलेली नेली हात पुढे करून आईच्या तोंडात एकेक कुरकुरीत काहीतरी भरवते. मग ज्यूसची नळी. मग मागूनच गळ्यात हात. आई काही बोलत नाही. माझी आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची नव्हते, चाळिशीची होते, तरी मला कुणीतरी मागून असं भरवायला हवं होतं.

---

हरवलेला_टिफिन | शनिवार, रात्री ११:०२

मला धाग्याचं शीर्षकच मान्य नाही. 'अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर' (१९६४, जाक देमी) बघा आणि मग सांगा रडू उशिरा येतं का. त्यात एक वाक्य साधं बोललेलं नाही, सगळं गायलेलं. गॅरेजमधला मेकॅनिक इंजिनाबद्दल गातो, छत्रीवाली दुकानाच्या कर्जाबद्दल गाते (धागाकर्तीला आवडेल). आमच्या संगीत नाटकवाल्यांनासुद्धा मध्ये गद्य लागायचं.

मिशेल लग्राँचं संगीत. वीस वर्षांची कात्रीन दनव. प्रियकराला अल्जीरियाच्या लढाईवर बोलावणं येतं, हिला दिवस गेलेले, पत्रं विरळ होत जातात, ही दुसऱ्याशी लग्न करते. शेवट पाच-सहा वर्षांनंतर, बर्फ पडतोय, पेट्रोल पंप. ती गाडीतून येते, मागे नाही तर शेजारच्या सीटवर त्याची मुलगी. तो पंपाचा मालक झालाय. कोणतं पेट्रोल घालू, असं विचारतात तिला! तो मुलीला भेटत नाही. ती विचारते, बरा आहेस ना? तो म्हणतो, अगदी बरा. ती जाते. तेवढ्यात त्याची बायको पोराला घेऊन येते आणि तो पोराशी बर्फात खेळायला लागतो. वरून ती धून पूर्ण ताकदीनं.

म्हणजे तुम्ही म्हणता ते 'संगीत नाही म्हणून खोल जातं' हे खरं नाही. इथे संगीताचा पूर आहे आणि मी जागेवर रडलो, आवाज करून. रूममेट उठला.

---

निवांत_रविवार | रविवार, सकाळी ७:२०

टिफिन, रात्री दोन वाजता बघून संपवला. अर्थात आवाज बंद करून, म्हणजे तुमच्या लेखी मी शेरबूर पाहिलाच नाही. रंगीत भिंतीच तेवढ्या पाहिल्या. दर भिंतीचा कागद बाईच्या कपड्याशी जुळवलेला, दुकानदाराच्या डोळ्यांनी बघितलं तर मोठा खर्च.

शीर्षक माझ्यापुरतं आहे असं समजा. भाऊ आला की आवाज लावून बघेन आणि मग माघार घ्यायची की नाही ते सांगेन.

---

दडपेपोहे | रविवार, सकाळी ९:१५

मराठीत असं काही नाही का? मला 'अस्तु' आठवला. सुमित्रा भावे - सुनील सुकथनकर. मोहन आगाशे स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित, हत्तीच्या मागे चालत जातात. त्यात अमृता सुभाष माहुताची बायको, कानडी बोलणारी, आणि ती या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे मुलगी देवी पण नाही, कैदाशीण पण नाही. तेव्हा निवांतताई, तुमचं ते वाक्य मागे घ्या.

---

निवांत_रविवार | रविवार, सकाळी ९:३३

घेतलं मागे. 'अस्तु' पाहिला नव्हता. आजच बघते. मराठी आहे म्हणजे आवाज लागणार, दुपारी मावशी असताना.

---

पक्का_वांद्रेकर | रविवार, दुपारी १२:४०

याच ओळीत पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार. त्यात फ्रेंच पैसा आहे, म्हणजे लियाँवाल्यांचा स्पायडरमॅन कर कदाचित छाया कदमच्या रत्नागिरीच्या घरापर्यंत पोचला असेल. (कदाचित म्हटलंय, ऑडिट केलेलं नाही.) आधी मुंबईचा पाऊस आणि लोकल, नंतर कोकण. कोकणात आल्यावर सिनेमाचा श्वास बदलतो. माझ्या शेजारचा प्रेक्षक तिथेच झोपला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

---

झणझणीत_मिसळ | रविवार, रात्री १०:२६

बायकोनं हा धागा वाचला आणि मला शिक्षा म्हणून 'द रेड बलून' (१९५६) दाखवला. ३४ मिनिटांचा आहे म्हणून तयार झालो. पॅरिसच्या चढणीवरच्या गल्ल्या, करड्या भिंती, एक पोरगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा. बोलणं जवळजवळ नाहीच, तरी पटकथेचं ऑस्कर! दिग्दर्शक आल्बेर लामोरिसनं स्वतःच्या मुलालाच घेतलंय. आणि हाच माणूस 'रिस्क' या पटावरच्या खेळाचा जनक. कॉलेजात आम्ही रात्र रात्र जग जिंकायचो त्याच्यावर, तेव्हा कुठे माहीत होतं.

फुगा बससोबत जातो, शाळेच्या खिडकीबाहेर थांबतो, तोवर मी मोबाइल चाळत होतो. मग गल्लीतली टारगट पोरं गलोल घेऊन येतात. फुगा लगेच फुटत नाही. हळूहळू सुरकुततो. मी म्हटलं, अरे सोडा ना त्याला. मोठ्यानं म्हटलं. बायको हसली.

बाकी मारिअनबादबद्दलचं मत कायम आहे.

निवांतताई, एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंत अकरा दिवसांनी रडू आलं, भलत्याच वेळी. आणि तिथेच सोडून बटाट्यांवर गेलात. काय झालं होतं? नको असेल तर राहू द्या.

---

निवांत_रविवार | सोमवार, सकाळी ६:५५

लिहिते. ऑफिसला निघायचंय, म्हणून थोडक्यात.

आमच्याकडे पालिकेचं पाणी सकाळी सहा ते सव्वासात. बाबांना आमच्या लहानपणापासून एकच राग, नळ उघडा दिसला की चिडायचे. 'कोणाचं पाणी वाहतंय?' असं ओरडत यायचे आणि स्वतः बंद करायचे. आम्ही भावंडं मुद्दाम सोडायचो.

त्या दिवशी बादली नळाखाली लावली आणि मी त्यांच्या खोलीत चादर बदलायला गेले. एका कुशीवर वळवून मळलेली चादर गोळा करत होते, ते भिंतीकडे तोंड करून. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. आणि तो एकदम थांबला.

मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले आणि मनात म्हटलं, बाबांनी बंद केला.

ते तर माझ्या समोर होते. सव्वासात वाजले होते.